विजयश्रीताईंनी शिकवलेला नैवेद्य

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या दत्तमंदिर मंडळाचे आधारस्तंभ अण्णासाहेब, व्यासपीठावरील प्रमुख पाहुण्या डॉ. अनुयाताई, आज ज्यांना निरोप द्यायचा आहे त्या आपल्या सर्वांच्या विजयश्रीताई, आणि माझ्यासारखंच घरच्या माणसाला तासाभरासाठी कुणाच्या तरी भरवशावर ठेवून आलेल्या बंधूंनो, भगिनींनो,

सहा वर्षं दर गुरुवारी विजयश्रीताईंनी या सभागृहात विसराळू माणसांचं, नव्हे, डॉक्टर समोर आहेत तर नीट बोलतो, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचं आणि त्यांना सांभाळणाऱ्यांचं केंद्र चालवलं. शिक्षण नर्सिंगचं, बिऱ्हाड कुरुळीला, यजमान कंपनीत. आता त्या आईच्या सेवेसाठी लातूरकडे निघाल्या आहेत. त्यांच्या कामाची यादी अहवालात छापलेली आहे. मी आपलं माझ्या घरातलं सांगतो.

पंचवीस वर्षं मी चाकणला एका कारखान्यात माल तपासायचं काम केलं. चूक सापडली की नापास. माझ्या पत्नीला, सुहासिनीला, हा आजार झाला तेव्हा मी तेच घरी सुरू केलं. रोज सकाळी प्रश्न. आज वार कोणता? आपला मुलगा केयूर कुठे राहतो? मी कोण? उत्तर चुकलं की लगेच दुरुस्ती. मला वाटायचं, यालाच उपचार म्हणत असावेत. परिणाम काय झाला? ती मला घाबरायला लागली. गेल्या वर्षी तर तिने मला ओळखणंच सोडलं, आणि परक्या पुरुषाच्या हातचं कसं खायचं म्हणून जेवण बंद केलं. मुलगा आणि सून मारुंजीहून आले की चार घास खायची, पण ती दोघं नोकरी सोडून रोज कशी येणार?

मी ओरडून सांगायचो, अगं, मी तुझा नवरा आहे. तिच्या उपाशी राहण्याच्या तिसऱ्या दिवशी मी ताट आपटलं. हे सांगायला लाज वाटते. तरी सांगतो, कारण इथल्या कुणी कधी ताट आपटलं असेल, तर त्यांना आपण एकटेच वाईट आहोत असं वाटू नये.

त्याच संध्याकाळी ताई घरी आल्या. म्हणाल्या, "काका, तुम्ही त्यान्ला रोज परीक्षेला बसवायलाव. काकू देवाचं करायच्या ना? मग नैवेद्य दाखवा, अन् प्रसाद म्हणून द्या. प्रसादाला त्या नको म्हणणार न्हाईत."

आता माझी पंचाईत बघा. मी आयुष्यात देवापुढे हात जोडलेला माणूस नव्हे. हिची पूजा लांबली की धुसफूस करणारा. मी म्हटलं, "ताई, ही तिची फसवणूक आहे."

त्या म्हणाल्या, "फसवणूक कशी? खरंच नैवेद्य दाखवा की. मनापासून दाखवला तर तो प्रसादच हाय."

दुसऱ्या दिवशी आंघोळ केली, धोतर नेसलो, ताटाभोवती पाणी फिरवलं, वर तुळशीचं पान ठेवलं. ताट पुढे केलं. तिने ते कपाळाला लावलं, मग भाजीचा वास घेतला आणि ताट बाजूला सारलं. "गुरुजी, नैवेद्याला कांदा?" हसा, हसा. नवऱ्याचं नाव विसरलेली बाई कांदा विसरली नव्हती. मी पुन्हा स्वयंपाक केला. आणि ती जेवली. पोटभर जेवली.

मग ताईंचा दुसरा हुकूम सुटला. शनिवारी दोन तास भजनी मंडळातल्या बायका काकूंजवळ बसतील, तुम्ही घराबाहेर पडायचं. मी विचारलं, जाऊ कुठे? "कुठंबी जावा. दाढी तरी करून या, तुमच्याकडं बघवंना." मंडळी, सांभाळणाऱ्यालाही कुणीतरी सांभाळावं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं.

देव आहे का, मला अजून ठाऊक नाही. पण रोज दुपारी डोळे मिटून मी "हिला जेवू दे" एवढं मागतो, आणि ते मागताना खोटं बोलत नाही.

गेल्या सोमवारी शिरा केला होता. तिने अर्धा खाल्ला, वाटी माझ्याकडे दिली आणि म्हणाली, "गुरुजी, एवढा आमच्या ह्यांच्यासाठी झाकून ठेवा. कंपनीतून उपाशी येतात, आणि सांगत नाहीत."

पूर्वीचा मी असतो तर म्हटलं असतं, अगं, तो मीच. मी म्हटलं, "ठेवतो."

ताई, तिने मला ओळखावं हा हट्ट तुम्ही माझ्याकडून सोडवून घेतलात, म्हणून हे माझ्या कानावर पडलं. तुमचे आभार कसे मानायचे ते मला खरंच कळत नाही. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत त्याबद्दल आपले आभार. बोलताना काही कमीजास्त झालं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. सत्काराच्या भोजनाला मात्र मी थांबत नाही, त्याची माफी असावी. घरी नैवेद्याची वेळ झाली आहे, आणि ती गुरुजींची वाट बघत असेल.