दुबार नोंदी सापडल्या, काढू का?

...नाही, पण मी म्हणते, एवढं भरलं घर, सासू-सासरे, दीर, जाऊ, कारखान्यातली रंगारी माणसं, आणि यातल्या एकालाही मला ओरडता येऊ नये? पलीकडच्या घरात सुनेचं दूध उतू गेलं तर अख्ख्या हमरापूरला ऐकू येतं! इथे माझ्या हातून घरचा गणपती गेला, तुम्हाला सांगते, गणपती! आणि सासूबाई म्हणाल्या, "चा घे गो, निवतोय." चहा! मला कोणी एक शब्द बोललं नाही!

तशी मी बोलणारी नव्हेच. माहेर रोह्याचं, तिथे सुभाष सरांच्या क्लासात कॉम्प्युटर शिकले, एवढाच काय तो गुन्हा. लग्न होऊन इथे आले आणि आमच्या ह्यांनी, निलेशनी, गणपतीच्या कारखान्यात कॉम्प्युटरच आणून बसवला. गिऱ्हाईक कोण, गाव कुठलं, मूर्ती केवढी, पितांबराचा रंग कुठला, सगळं त्यात, सरांनीच बनवून दिलेल्या प्रोग्रॅममध्ये. त्यातून चिठ्ठी छापून निघायची, ती गिऱ्हाइकाने आणून ठेवलेल्या पाटाला चिकटवायची, आणि त्या पाटावर त्याचा गणपती बसवायचा. मामंजी, म्हणजे माझे सासरे, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमची सूनबाय बटन दाबते नि गनपती तयार व्हतो." मी आपली पदर नीट करायची...

आणि श्रावणात सरांनी त्या प्रोग्रॅमचं नवीन व्हर्जन पाठवलं! फ्लॉपी, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, एसटीच्या कंडक्टरबरोबर. आणि फोनवर सर, काय तो आनंद, जणू घरात मुलगा झाला! "अहो, काय सुधारणा सांगू तुम्हाला! आधी नाव शोधायला लावून चहा पिऊन यायचात, आता कप उचलण्याआधी नाव हजर! गिऱ्हाईक उघडा, त्याच्या आधीच्या सगळ्या मूर्त्या खाली आपोआप जोडलेल्या! उंचीच्या जागी कोणी गाव लिहिलं तर घेतच नाही! आणि दुबार नोंदी... त्या तर स्वतः हुडकून काढतं!"

मला तेच हवं होतं. कारण मामंजी एक ऑर्डर सकाळी सांगायचे आणि जेवण झालं की तीच पुन्हा सांगायचे! तर घातली फ्लॉपी. पडदा विचारतो, 'दुबार नोंदी सापडल्या, काढू का?' जुनं व्हर्जन एकेक नोंद दाखवून विचारायचं, नव्यात सुधारणा अशी की सगळ्यांचं मिळून एकदाच! आता बघायला नको का मी, काय काढतेय ते? आत कुकरची शिट्टी झाली होती... नाही, कुकरवर ढकलत नाही. मागे मामंजी कौतुकाने उभे होते आणि मी ऐटीत 'हो' दाबलं!

आता धरमतरच्या खाडीकडचे दोघे भाऊ ऐका. काळुराम म्हात्रे आणि जनू म्हात्रे. होळीला भांडले, चुली वेगळ्या झाल्या, बोलणं बंद. पण गणपती? तो दोघांनीही सांगितला बापाच्याच नावाने! आमच्याकडे चालच ती, बाप जाऊन किती का वर्षं होईनात, ऑर्डर त्याच्याच नावावर. बाबाजी म्हात्रे. गाव एक, उंची एक, लोडाला टेकलेला, पिवळं पितांबर... सगळं तेच, कारण दोघांनाही 'बापाचा गणपती' हवा! आणि कॉम्प्युटरला भाऊबंदकी कुठे कळते हो? त्याने दोन घरं पुन्हा एक केली आणि गप्प बसला!

एक चिठ्ठी निघाली, ती काळुरामच्या पाटाला लागली. जनूच्या नव्या कोऱ्या पाटाला चिठ्ठीच नाही, तो भिंतीला टेकून राहिला. माझी मान दुखत होती, मला वाटलं जादाचा पाट... मी घेतला आणि मॉनिटरखाली ठेवला!

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी काळुराम गणपती घेऊन गेला. संध्याकाळी जनू आणि त्याची बायको पुतळी, टेम्पो घेऊन हजर. शोधशोध. गणपती नाही! जनू वळला आणि म्हणाला, "त्यो माजा पाट नाय?" सगळे माझ्याकडे... म्हणजे माझ्या मॉनिटरखाली बघायला लागले! पुतळी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "जावबाय बोलली व्हती, तुमच्याच्यानं गनपती बसनार नाय म्हनून..." आणि डोळ्यांना पदर.

सरांना फोन केला. "चूक कसली, ती तर सुधारणा!" म्हणाले.

मामंजींनी मॉनिटर माझ्या हातात दिला, तो पाट काढला, पुसला, आणि आत जाऊन आमच्या घरचा गणपती घेऊन आले. स्वतःच्या हाताने घडवतात तो, दुसऱ्या कोणाचा ब्रश लागू देत नाहीत. तो जनूच्या पाटावर ठेवला. "ने रं. बापाचाच हाय." मी मॉनिटर पोटाशी धरून उभी! तो खाली ठेवायलासुद्धा कोणी सांगितलं नाही. मला कोणी एक शब्द बोललं नाही!

कारखान्यात उरली होती एकच मूर्ती, पांढरी, कोरी. पावसाळी हवा, रंग सकाळपर्यंत वाळणार कसा? अख्ख्या पेण तालुक्याला गणपती पुरवणारं घर, आणि घरात बिनरंगाचा गणपती! मामंजींनी नुसते डोळे आखले त्याचे. दर्शनाला आलेले विचारायचे, "ह्यो असा कसा हो यंदा?" आणि मामंजी अगदी शांतपणे, "सूनबायनी आनलाय. नवीन व्हर्जन हाय."

एवढंच! ना राग, ना टोमणा! मी मोदक वळायला तोंड फिरवून बसले तरी पाठीवर कळायचं हो, रंग नाही, दागिना नाही, मुकुट नाही, नुसते ते दोन डोळे... आणि ते माझ्याकडे! शेवटी विसर्जनाच्या आधी देव्हाऱ्यासमोर कोणी नाही बघून म्हटलं, बाबा रे, निदान तू तरी ओरड!

त्याचे कान बघा केवढाले. सगळं ऐकून घेतलं.

एक शब्द बोलला नाही.