चोवीस तासांची कवळी

डॉक्टर : काकूंना औषध आणायला पिटाळलंत खरं, पण मी अजून चिठ्ठीच लिहिलेली नाही.

निवेदक : ठाऊक आहे. दुकानदार तिला परत पाठवेल. तेवढ्यात उरका. तोंड बघायचंय म्हणालात ना?

डॉक्टर : आ करा. अरे, ही तर कवळी. खालीही आणि वरही. मघाशी विचारलं तेव्हा तर ताठ मानेनं म्हणालात, दात उत्तम आहेत.

निवेदक : उत्तमच आहेत. माझे आहेत असं कुठं म्हणालो?

डॉक्टर : काढून दाखवा. टाळू लालभडक झालीय, हिरड्या सुजल्यात. बसवा परत. झोपताना काढत नाही वाटतं?

निवेदक : आंघोळीच्या वेळी कडी लावून धुतो. झोपताना काढली नाही, लग्न झाल्यापासून. हे दुसरं लग्न, मागच्या वर्षीचं.

डॉक्टर : आणि तेव्हापासूनच तुमची छाती सारखी भरतेय. मी आपली फुप्फुसं तपासत बसलेय, अन् चोर वरच्या मजल्यावर.

निवेदक : कवळीचा नि छातीचा काय संबंध?

डॉक्टर : कवळीखाली रात्रभर जंतू पोसले जातात. झोपेत तीच लाळ श्वासाबरोबर थोडी थोडी खाली उतरते. त्यात तोंड कायम सुजलेलं, म्हणजे शरीराची लढायची ताकद तिथंच अडकलेली. घरातली सगळी माणसं पुढच्या दारात भांडत उभी राहिली, तर मागच्या दारानं कोण शिरलं ते कुणी बघायचं? आजपासून झोपताना कवळी काढायची, घासायची, पाण्यात ठेवायची.

निवेदक : ते सोडून काहीही सांगा. कडू काढा द्या, सुया टोचा.

डॉक्टर : काका, मी चेष्टा करत नाहीये. पुढच्या वेळी न्यूमोनिया झाला तर निभावेलच असं नाही.

निवेदक : बाई, बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करण्यात माझा जन्म गेला. निवृत्तीनंतरही ठेवून घेतलं, असा आवाज दुसरा मिळेना म्हणून. ही रोज गाडीला यायची. गाडी लागायची, सुटायची, ही आपली माझ्या काचेच्या खिडकीसमोर उभी. आवाजावर भाळली होती. आता त्याच बाईशेजारी मी बोळक्यानं बोलू?

डॉक्टर : एकदा काढून बोला तर खरं. बघू किती वाईट ऐकू येतं ते.

निवेदक : (कवळी काढून) झोपलीफ का?

(बायको रिकाम्या हातानं आत येते.)

बायको : चिठ्ठीशिवाय देत नाही म्हणाला. अहो, तोंडावर रुमाल कशाला?

निवेदक : फर्दी.

बायको : तो खाली घ्या आधी. मला काही कळत नाहीये.

डॉक्टर : काकू, यांना तुम्हाला काहीतरी सांगायचंय.

बायको : कवळीचं ना?

निवेदक : तुला ठाऊक होतं? थांब, बफवतो. हं. कधीपासून?

बायको : पहिल्या दिवसापासून. साठी उलटलेल्या माणसाचे दात असे एका ओळीत असतात होय? म्हटलं, सांगतील आपणहून. शिवाय माझंही एक सांगायचं राहिलं होतं, मग तुम्हाला कुठल्या तोंडानं टोकणार?

डॉक्टर : तुमचंही?

बायको : मी मागावर कापड विणायचे. त्या खडखडाटात कान गेले. डाव्यानं थोडं ऐकू येतं, उजव्यानं काहीच नाही. आम्ही बायका एकमेकींचे ओठ बघून गप्पा मारायचो. अजूनही तसंच चालतं माझं.

निवेदक : म्हणजे माझा आवाज?

बायको : कसा आहे हो? लोक चांगला म्हणतात.

निवेदक : मग त्या खिडकीसमोर तू रोज कशाला उभी राहायचीस?

बायको : कुठली गाडी लागली ते तुमच्या ओठांवरून कळायचं. तो भोंगा माझ्या काय कामाचा? इतके स्वच्छ ओठ कुणी हलवत नाही.

निवेदक : कळायचं, तर चढायची का नाहीस?

बायको : चढायला पाठ फिरवावी लागते.

डॉक्टर : काका, आता तरी ही वाटी घ्या. काढा.

निवेदक : काढली. आता माझं बोलणं तुला कफं कळणार?

बायको : परत म्हणा. सावकाश. हे ओठ अजून माझ्या ओळखीचे नाहीत.