पिवळ्या चिमट्याचं रोप

विब्के : आजोबा, तो ट्रे खाली ठेवा बघू! पिवळे चिमटे लावलेली अस्पॅरागसची सगळी मादी रोपं खतखड्ड्यात जायचीयेत.

आजोबा : अगं, बोटभर तर आहेत. एवढ्यात काय कळतंय, नर का मादी?

विब्के : पानाचा एवढुस्सा तुकडा प्रयोगशाळेत पाठवला की कळतं! नर फळं धरत नाहीत, सगळा जोर मुळांत साठतो. म्हणजे वसंतात खायला, विकायला कोंबच कोंब! भारी ना?

आजोबा : भारीच. तुझ्या आजीला मात्र थांबावं लागायचं. जूनअखेर सेंट योहानच्या सणाला कोंब कापणं बंद झालं, झाडं फुलली, की बाईसाहेब गुडघे टेकून वाळूत. एकेक फूल चष्म्याला लावून बघायची आणि मादीला लाल लोकर बांधायची.

विब्के : आणि उपटायची!

आजोबा : उपटायचो मी. ती नुसते हुकूम सोडायची. पण वरंब्याच्या टोकाच्या एका झाडाला हात लावला की ओरडायची, "हाइनर, ते माझं!"

विब्के : बियांसाठी?

आजोबा : बियांसाठीही. ही रोपं त्याच्याच बियांची की. पण शरदात त्याची लाल फळांनी लगडलेली फांदी जेवणाच्या टेबलाच्या वर, तुळईला टांगायची. म्हणे, माश्या तिच्यावर बसतात, सूपमध्ये पडत नाहीत.

विब्के : खरंच?

आजोबा : छे! सूपमध्येच पडायच्या. पण बोलायची कुणाची बिशाद?

विब्के : म्हणजे तुळईचा तो हुक... मला तर तुम्ही दिव्याचा म्हणून सांगितलात.

आजोबा : तू लहान होतीस. ती नुकतीच गेली होती.

विब्के : टोकाचं ते झाड कुठंय आता?

आजोबा : जुना वाफा थकला होता. तुझ्या बाबानं नांगरला. बरोबरच केलं त्यानं. टाक, टाक ही रोपं. बाजारात नुसत्या नरांचं बी मिळतं, निवडायची कटकटच नाही.

विब्के : गप्प बसा हो! (ट्रे ओढून घेत) हे बघा, यातलं सगळ्यात दांडगं. नव्या वरंब्याच्या टोकाला लावू. खूण म्हणून लाल लोकर बांधू?

आजोबा : अगं, नको! लाल दिसली की तुझा बाप उपटेल. त्या झाडाला ती काहीच बांधायची नाही. सगळ्यांना ठाऊक असायचं.

विब्के : मग मी सांगते बाबांना. पण फळं धरायला दोन वर्षं तरी लागतील, आजोबा.

आजोबा : लागू देत. हुक कुठे पळून जातोय?