खालचं डोकं

(गोंदिया, १९५५. दवाखान्यातली तपासणीची खोली. सालेकशाकडच्या खेड्यातून आलेली देवकाबाई, तिची आठव्या महिन्यातली सून धुरपता आणि डॉक्टर सुशिलाबाई.)

देवकाबाई : नाही बाई, तुमचाच हात चुकला. आमच्या सुईणीले दोन डोके लागले. एक वरतं, एक खालतं. सुईणीपाशी पोट लपत नाही म्हणतेत.

सुशिलाबाई : तिचा हात चुकला नाही. खाली गोल, टणक लागतंच. पण ते डोकं नाही, गाठ आहे.

देवकाबाई : कायची गाठ?

सुशिलाबाई : कमरेच्या हाडांमध्ये, मागच्या बाजूनं वाढली आहे. म्हणून तर हिची लघवी अडली. मघाशी नळीनं मोकळी केली, पण पुन्हा अडेल.

देवकाबाई : ते गर्मीनं होते. धनेजिऱ्याचं पाणी देऊन राहिली ना मी.

धुरपता : आत्याबाई, त्यायले बोलू द्या.

देवकाबाई : तू चूप राय. बाई, मी जुळे म्हणून आख्ख्या गावाले जेवू घातलं. आता एकच घेऊन गेली तं लोक काय म्हणतीन? दुसरं दवाखान्यात इकलं म्हणतीन.

सुशिलाबाई : इकडे या. हा लाकडी भोंगा पोटावर टेकवा आणि कान लावा. इथं, वर. काय ऐकू येतं?

देवकाबाई : धडधड चालू आहे. लय जोरात.

सुशिलाबाई : आता खाली.

देवकाबाई : काही नाही. झोपला असन.

सुशिलाबाई : झोपेत काळीज थांबत नाही, देवकाबाई.

देवकाबाई : थांबा, थोडं सरकवू द्या. हालू नको धुरपते. इकडं पाहतो... नाही. अजून थोडं खाली...

धुरपता : राहू द्या आत्याबाई. वरचं लाथा मारे, खालचं गप राहे. मले वाटे, हे गरीब आहे, पोरगी असन. मी तिच्यासंगच जास्त बोलत होती.

सुशिलाबाई : धुरपता, आता माझं ऐक. त्या गाठीनं बाळाची वाट अडवली आहे. घरी कळा सुटल्या तर बाळ खाली येऊच शकणार नाही. त्याच्या आधी पोट उघडून त्याला काढावं लागेल. इथं होणार नाही. दुपारच्या गाडीनं नागपूरला निघा.

देवकाबाई : आन् ते गाठ?

सुशिलाबाई : जमली तर तेव्हाच काढतील. हाडाला किती चिकटली आहे, साधी आहे की वाईट, हे मला आज नाही सांगता येत.

देवकाबाई : म्हणजे तुमाले बी मालूम नाही.

सुशिलाबाई : नाही. अशी गाठ मी याआधी एकदाच पाहिली.

धुरपता : ते बाई कशी आहे आता?

सुशिलाबाई : तिला फार उशिरा आणलं होतं.

देवकाबाई : बाई, नागपुरात आमचं कोणी नाही. घरी धान कापाले आलं. माहा पोरगा दुधराम बाहेर बसला आहे, मी म्हणीन तसं करते तो. पण पोट फाडलं आन् हे टेबलावरच गेली तं? घरी निदान आपल्या माणसात तं...

धुरपता : आपल्या माणसात मरू?

देवकाबाई : मी तसं नाही म्हटलं.

धुरपता : मंग काय म्हटलं? मले मरायचं नाही आत्याबाई. पोट फाडाचं भेव लागून राहिलं, पण घरी जायाचं त्याच्याहून जास्त लागते. तुमच्या पोराले तुम्ही सांगता का मी सांगू?

देवकाबाई : मीच सांगतो. तुह्या तोंडून ऐकून तो रडत बसन. पयले लुगडं नीट कर, स्टेशनावर लोक राहतीन.

धुरपता : हात द्या मले.

देवकाबाई : ऊठ, हळू. आन् गावात दुसऱ्या लेकराचं विचारलं तं काय सांगू मी?

धुरपता : मी वापस आली तं मीच सांगीन. नाही आली तं कोणी विचारणार नाही.