सहाव्या खेपेला सुटलेलं जहाज

...आणि वर म्हणतात काय, तर "आपल्या संयमाबद्दल आम्ही आभारी आहोत"! संयम? माझा? अहो, तुम्हाला सांगते, केक ओव्हनमध्ये असताना चारदा दार उघडून बघणारी बाई मी. बावन्न वर्षांच्या संसारात आमच्या क्लेमला माझा संयम कुठे सापडला नाही, आणि या जहाज कंपनीला तो एका ईमेलमध्ये सापडला? तोही कधी, तर जहाज सुटायला तीन दिवस राहिलेले! बॅगा भरलेल्या, मांजर भाचीकडे पोचवलेलं, टोमॅटोंना पाणी घालायला शेजारच्या ग्वेंडाची मनधरणी करून झालेली, आणि हे म्हणतात साथ आलीय, सफर पुढे ढकललीय, आभारी आहोत! मार्च दोन हजार वीस. तारीख मी मरेपर्यंत विसरायची नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय जिवाला लावून घ्यायचं? सहलच ना? नाही गेलं या वर्षी, जाऊ पुढच्या वर्षी! हेच, अगदी हेच ग्वेंडा म्हणाली. कुंपणावर दोन्ही कोपरं टेकून! "मर्ल, बरं झालं गं रद्द झाली. टीव्हीवर बघितलंस ना? जहाजंच्या जहाजं समुद्रात उभी आहेत, कुठलं बंदर आत घेईना. तरंगती इस्पितळं झालीत नुसती!"

पण मला सहल नको होती हो! मला एनिडकडे जायचं होतं. एनिड म्हणजे माझी थोरली बहीण, वय वर्षं ब्याऐंशी, राहते न्यूझीलंडला, पोर्ट चामर्सला, टेकडीवरच्या घरात, चार कोंबड्या आणि एक रेडिओ घेऊन. अकरा वर्षं आम्ही भेटलो नव्हतो. आणि तिचे डोळे चाललेले. नजरेच्या मधोमध काळा डाग, तो वाढत जाणारा. तिथला डॉक्टर म्हणाला, दोन वर्षं, फार तर तीन. मग एनिडने मला फोन केला. रडली नाही, एनिड रडत नसते. म्हणाली, "यायचं तर लवकर ये. नाहीतर तुझं थोबाड मला हाताने चाचपून ओळखावं लागेल."

मग विमानाने जा ना, म्हणाल. माझ्या कानाची तीन ऑपरेशनं झालीत! कानाच्या डॉक्टरने बजावलंय, विमानात बसलात तर कायमच्या बहिऱ्या व्हाल. यावर क्लेम काय म्हणाला ठाऊक आहे? "बहिरी झालीस तरी तोंड चालूच राहणार. मला त्यात काय फायदा?" असा माणूस! पण म्हणून तर जहाज. इथून, ऑस्ट्रेलियातल्या आमच्या पोर्ट पिरीहून गाडीने मेलबर्न, मेलबर्नहून जहाज, मध्ये कुठे न उडता थेट एनिडच्या टेकडीखाली! दुसरा रस्ताच नाही. मी काय पोहत जाऊ?

तर ढकललं. नोव्हेंबरवर. बरं म्हटलं, नोव्हेंबर तर नोव्हेंबर, बॅग तशीच ठेवली. नोव्हेंबर आला... "आपल्या संयमाबद्दल आम्ही आभारी आहोत!" मग फेब्रुवारी. बॅग तशीच! आता क्लेमचे एकुलते एक चांगले बूट त्या बॅगेत. मध्ये क्लबातल्या एका दोस्ताच्या अंत्यविधीला जायचं आलं, तर हा म्हणतो बूट काढ. मी म्हटलं, हात लावायचा नाही, बॅग एकदा उघडली की अपशकुन! गेला मग बागेतल्या गमबुटात. काळ्या सुटाखाली हिरवे गमबूट! आणि लोक म्हणतात कसे, "क्लेमला फार लागलेलं दिसतंय हो, पायाकडेसुद्धा लक्ष नाही बिचाऱ्याचं!"

फेब्रुवारीत तर आमच्याच देशात आम्हाला मेलबर्नला जायची चोरी. शेजारचं राज्य हो, परदेश नव्हे! आज हद्द उघडी, उद्या बंद, परवा अर्धी उघडी. आणि टीव्हीवर रोज एक तज्ज्ञ. गळ्यात टाय, मागे पुस्तकांचं कपाट, आणि खाली अर्धी विजार असणार, मला काय कळत नाही? तो आपला संथपणे म्हणतोय, "क्रूझचा जमाना संपला. लोक आता कधीही जहाजात पाऊल ठेवणार नाहीत." मी टीव्हीला ओरडले, "अरे, मी ठेवते! मला सांग कुठे ठेवायचं!"

आणि तुम्हाला सांगते, एका सकाळी ग्वेंडा कुंपणापाशी आली ती वर्तमानपत्र घेऊनच. चेहरा असा गंभीर, पण डोळ्यांत दिवाळी! "मर्ल, तुझ्या जहाजाचं नाव काय होतं गं?" होतं?! होतं म्हणजे? बघते तर फोटो. कुठल्याशा किनाऱ्यावर, चिखलात, माझं जहाज. अर्धं! पुढचा अर्धा भाग कापून नेलेला, आणि उरलेल्या अर्ध्यातून मजले दिसतायत, दारं दिसतायत, एका भिंतीवर अजून पडदा लटकतोय. साथीत कमाई नाही म्हणून भंगारात विकलेलं. मी तिथेच वाफ्याच्या कडेला बसले. मला काय वाटलं सांगू? एनिडचे डोळे तिकडे मधूनच विझत चाललेत, आणि इकडे माझं जहाज पुढून कापत आणलंय, आणि मी मधे बसलेय गमबूटवाल्या नवऱ्यासोबत टोमॅटो मोजत.

तरी कंपनीचा ईमेल आलाच. "आपल्याला दुसरे, अधिक आधुनिक जहाज देण्यात येत आहे. तारीख यथावकाश कळवू. आपल्या संयमाबद्दल..." मी पुढचं वाचलंच नाही! फोन लावला. फोनवर ती शार्लीन. आता शार्लीनची नि माझी ओळख अशी, की सव्वा तास गाणं ऐकल्यावर ती येते. पहिल्या वेळी ती मला "आदरणीय ग्राहक" म्हणाली होती. तिसऱ्या वेळेपर्यंत तिला माझ्या कानाची ऑपरेशनं पाठ, मला तिच्या सासूचा गुडघा. त्या दिवशी मी तिला म्हटलं, "शार्लीन, खरं सांग, हे जहाज तरी अख्खं आहे ना?" ती आवाज बारीक करून म्हणाली, "मर्लबाई, खरं सांगू? या महिन्यानंतर माझी नोकरी आहे की नाही हेच मला माहीत नाही. आमच्यातले निम्मे गेले. जहाजाचं काय सांगू तुम्हाला?" मीच तिला म्हटलं, धीर धर गं बाई. हो! मी! मी तिला संयम शिकवला! आणि फोन ठेवता ठेवता म्हटलं, "तुझ्या संयमाबद्दल आभारी आहे." आणि ती एवढी हसली, एवढी हसली... शेवटी रडली.

पाच वेळा. पाच वेळा ढकललं तुम्हाला सांगते! क्लबात तर लोक मला बघितलं की हात हलवून निरोप द्यायला लागले, "काय मर्ल, निघालीस का?" आणि एनिडचा फोन दर रविवारी. "आज पोस्टमन दिसला नाही, नुसती टोपी दिसली." "आज कोंबडी कुठली नि बादली कुठली, कळलं नाही." हसत सांगायची. मी पण हसायची. फोन ठेवला की क्लेम चहा करायचा.

आणि मग बावीस सालच्या सप्टेंबरात फोन वाजला. शार्लीन! तिने मला केला, मी तिला नव्हे! गाणं नाही, काही नाही! "मर्लबाई, न्यूझीलंड उघडलं. डिसेंबर. यादीत तुमचं नाव मी सगळ्यांत आधी घातलंय, कंपनीने विचारायच्या आधी." मी एवढ्या जोरात ओरडले की ग्वेंडा कुंपणावरून उडी मारल्यासारखी आली, "काय गं, क्लेम गेला का?"

गेलो आम्ही! दोन दिवस गाडी हाकत मेलबर्नला गेलो. धक्क्यावर जहाज उभं, अख्खं, पुढून मागून सगळं, मी दोन्ही टोकांपर्यंत चालत जाऊन बघितलं! आणि जहाज सुटलं! भोंगा वाजला तेव्हा माझ्या शेजारच्या अनोळखी बाईला मी मिठी मारली, तिनेही मारली, तिचं चारदा ढकललेलं होतं. केबिन आमची अगदी आतली, बिनखिडकीची, कपाटात झोपल्यासारखं वाटायचं. पण काय बिघडलं? तज्ज्ञ कुठे आहे तो? बोलवा त्याला!

आणि मग... मग तिसऱ्या दिवशी, उद्या सकाळी पोर्ट चामर्स, आणि क्लेमला शिंक आली.

एक. मग दोन. मग सात. जहाजावरची नर्स आली, नाकात काडी घातली, आणि दोन रेघा! पॉझिटिव्ह! तीन वर्षं याला काही झालं नाही, एक रात्र थांबला असता तर काय आभाळ कोसळलं असतं का? नर्स म्हणाली, यांना वेगळ्या मजल्यावर ठेवणार, तुमची उद्या सकाळी चाचणी, रेघ एक आली तरच उतरायचं. आणि तुम्हाला सांगते, तेव्हा मी खरंच घाबरले. शहात्तर वर्षांचा माणूस, अडतीस वर्षं शिसं गाळायच्या कारखान्यात धूर खाल्लेला. मी म्हटलं, क्लेम, मी उतरत नाही उद्या. मास्कच्या वरून नुसते डोळे दिसत होते त्याचे. म्हणाला, "माझी फुप्फुसं मी बघतो. तू एनिडला बघ." आणि गेला नर्सच्या मागून, पिशवी घेऊन, मागे न बघता.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी काडी घातली, पट्टी टेबलावर ठेवली आणि समोर बसले. पंधरा मिनिटं. पंधरा! तीन वर्षं एकीकडे आणि ती पंधरा मिनिटं एकीकडे! जहाजातला फोन वाजला. क्लेम. "काय आलं?" मी म्हटलं, "गप्प बस, रेघ घाबरेल." तो म्हणाला, "मी ठीक आहे. ताप नाही. नाश्त्याला अंडी चांगली होती." दहा मिनिटं झाली... बारा... मला उगाच दुसरी रेघ दिसायला लागली, मी चष्मा पुसला, ती चष्म्याची होती... पंधरा. एक! एकच रेघ! मी ती पट्टी नर्सला दाखवली, दारावरच्या माणसाला दाखवली, मागच्या अमेरिकन जोडप्याला दाखवली, त्यांनी न विचारता!

उतरले. शिडीवरून खाली, मास्क लावून, हातात पर्स. फाटकापाशी एनिड उभी. शेजारणीचा दंड धरून, लाल कोट घालून. केवढी लहान झालेली! आणि ती माझ्याकडे बघतच नव्हती, दुसरीकडेच तोंड. उशीर झाला, म्हटलं. सगळं करून उशीरच झाला.

"एनिड," म्हटलं.

"मास्क काढ आधी. मास्क बघायला थांबले का तीन वर्षं?"

काढला. मग तिने मान अशी तिरकी केली, कोंबडी करते ना तशी. "मधलं काही दिसत नाही आता. कडेकडेने बघते. जरा डावीकडे सरक... अजून... फार झालं, मागे ये... हां. थांब तिथेच." आणि थांबले मी. माणसं जातायत, गाड्या वाजतायत, आणि मी धक्क्यावर हलत नाही. बघितलं तिने. सावकाश. कपाळापासून हनुवटीपर्यंत.

"केवढी म्हातारी झालीस गं!"

"आणि तू?"

"मला कुठे दिसतंय!"

मग काय हसलो, काय हसलो! जहाज परत सुटेपर्यंत सहा तास होते आमच्याकडे. तिच्या घरी गेलो, तिने बोटांनी चाचपत पावाच्या चकत्यांत चीज भरलं, गुंडाळून भाजलं, वर लोणी चोपडलं, निम्मं ओट्यावर. आईच्या शिव्या आठवल्या, बाबांची सायकल आठवली. मध्येच म्हणाली, "तीन वर्षं टीव्ही बघितला नाही मी. डोळे शिल्लक ठेवले होते तुझ्यासाठी." मी म्हटलं, अगं, डोळे असे शिल्लक ठेवता येत नाहीत, डॉक्टरला विचार. म्हणाली, "डॉक्टरला काय कळतंय? ठेवले की नाही?"

ठेवले होते हो. ठेवले होते!

आम्हा दोघींचा फोटो मी ग्वेंडाला पाठवला. मागे जहाज, बारा मजली, अख्खं! खाली लिहिलं, "तरंगत्या इस्पितळातून सप्रेम." तिचं उत्तर आलं, "टोमॅटो ठीक आहेत." बस्स! बावन्न वर्षांच्या शेजारात ग्वेंडाला पहिल्यांदाच शब्द सुचले नाहीत!

आणि क्लेम? मी इकडे जीव टांगणीला लावलेला, की एकटा पडलाय, खोकत असेल, माझी आठवण काढत असेल. साहेबांना त्या वेगळ्या मजल्यावर बाल्कनी दिलेली! समुद्राकडे तोंड, आरामखुर्ची, टीव्हीवर कसोटी सामना, तीन वेळा दाराशी ताट, आणि बोलायला कोणी नाही. पाच दिवसांनी बाहेर आला तो रापलेला, दोन किलोंनी वाढलेला. शिंक तर दुसऱ्याच दिवशी थांबली होती म्हणे!

काल शार्लीनचा फोन आला. म्हणाली, अभिनंदन, तुमच्या यजमानांनी पुढच्या फेब्रुवारीची सफर ठरवली. मला तर भरून आलं हो. जहाजाच्या नावाने तीन वर्षं बोटं मोडणारा माणूस, आपणहून दोन तिकिटं काढतो! मी म्हटलं, "खरंच गं, दोन?"

"हो," म्हणाली, "केबिनसुद्धा दोन."

असो. चला.