सास्त्रोआजोबांच्या उशाखालची केरिस

...आणि वर मलाच म्हणतात, हर्जो, तुझं मन फार कोरडं. अहो, संग्रहालयात जुनी हत्यारं पारखतो मी, मन ओलं करून काय गंजवू ती? तुम्हाला सांगतो, सुर्योसाहेब म्हणून एक बडे गृहस्थ, त्यांनी संग्रहालयाला एक केरिस, म्हणजे आमची जावाची कट्यार, दान म्हणून आणली, नागमोडी पातं, मुठीला सोनं, म्हणे पाचशे वर्षांपूर्वीच्या मजापाहितच्या राजाची. मी मूठ काढली. आतल्या दांड्यावर ग्राइंडरचे ओरखडे, ताजे! जुनं पातं दर वर्षी सुरो महिन्यात लिंबू-सोमल लावून धुतात, पिढ्यान्‌पिढ्या धुतलं की कडा झिजणारच, आणि हिच्या कडा कशा, तर नवरीच्या भुवयांसारख्या कोरलेल्या. तेजाबात बुडवून म्हातारी केलेली बया! मी म्हटलं, नकली.

तर दान घ्यायचं की नाही ते ठरवणाऱ्या समितीतले सास्त्रोआजोबा, केरिस उशाखाली घेऊन झोपलं की तिचा आत्मा स्वप्नात येऊन खरं सांगतो असं मानणारे, डोळे मिटून म्हणतात, "मी उशाखाली घेऊन झोपलो होतो. पांढऱ्या दाढीचा म्हातारा आला. म्हणाला, बाळ, मी मजापाहितहून आलो." झालं. आमच्या संचालक रेत्नोबाईंनी लगेच हात जोडले. मी ओरखडे दाखवतोय, हे म्हातारा दाखवतायत... आता स्वप्नाला काय उत्तर द्यायचं, सांगा?

बरं, काचेखालच्या पाटीवर 'पारख केली' म्हणून नाव कुणाचं? माझं. हयातभर कमावलेलं नाव हो, बाजारातले लबाड दुकानदार मला बघून माल झाकतात. मी अडूनच बसलो. तर बाई गोड आवाजात, "मग तुम्हीही झोपून बघा ना. दुपारीच. चटई देते."

झोपलो. नारळाच्या दुधातला भात चापून झोपलो, आणि काय सांगू, आला की म्हातारा! दाढी पांढरी, पण हातात ग्राइंडर. म्हणाला, "मी वेल्डिंगच्या दुकानातला, गेल्याच वर्षी घासली ही." नाचतच उठलो. म्हटलं, घ्या, तुमच्याच रीतीनं निकाल लागला, आता माझ्या स्वप्नाला उत्तर द्या.

सास्त्रोआजोबांचे डोळे भरून आले. "बघा बाई, रागावलीय ती याच्यावर. मुद्दाम चेष्टा केली लेकराची. नकली लोखंडाला कधी राग येतो का?"

...स्वप्नाला काय उत्तर द्यायचं, सांगा?

पाटी लागली, खाली माझं नाव. वर शिक्षा, राग जाईपर्यंत दर गुरुवारी संध्याकाळी तिच्यापुढे फुलं मीच ठेवायची. ठेवतो. वेल्डिंगच्या दुकानातलीच आहे ती, कुणाचीही शपथ घ्यायला लावा. पण फुलं ठेवून निघताना... पाठ नाही हो करत मी तिच्याकडे. दारापर्यंत उलटा चालत येतो.