मुक्यानं मळायची भाकर

अंजनी : 'सारवलं अंगण गं, पाव्हणा दारी आला, कोपऱ्यातला केर बाई, पाव्हण्यानं पाहिला.' आईचा आवाज असा यायचा जात्यावरून, पिठाबरोबर खाली पडल्यासारखा. श्रीरामपूरकडचं आमचं गाव. मी सहा-सात वर्षांची, तिच्या मांडीला टेकून अर्धी झोपेत. एकदा विचारलं, आई, पाव्हणा कोण? म्हणाली, येशू. मग विचारलं, केर पाहिला तर तो परत गेला का? तिनं जात्यात आणखी मूठभर दाणे टाकले, माधवी. दळत राहिली.

माधवी : कवरं गोड. हेच सांगा की उद्या बायांना. पास्टरनं तुमाला विषय दिलाय शुद्ध अंतःकरन, आनि तुमी इथं मोरिवलीत बसून माझ्याबरोबर वाल सोलताय. चार वाजत आले. तुमची भाकर झाली का?

अंजनी : नाही केली.

माधवी : उद्या पहिला रविवार हाय, ताई. प्रभुभोजनात तुमचीच भाकर मोडायची हाय.

अंजनी : पीठ परातीत घेतलं होतं. पाणीही घातलं. आपली रीत मी तुझ्याकडूनच शिकले. उपाशीपोटी मळायची, आणि पिठाला पहिला हात लावल्यापासून शेवटची भाकर तव्यावरून उतरेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. चार वर्षं पाळली. दाराची बेल वाजली तरी उठले नाही. आज तोंड बंद होतं आणि आत नुसता बाजार भरला होता. परात झाकली, हात धुतले आणि रिक्षा धरली.

माधवी : त्याचं काय आवरं घेऊन बसलात. मी तर मलताना सासूशी मनातल्या मनात अख्खं भांडन उरकायची. ती म्हनायची, महिन्यातून एक दिवस सून मुकी होते, तुमच्या देवाला सांगा, रोज भाकर मागत जा म्हनून.

अंजनी : सासूबाई तुझ्या, विठाबाई, बोलायच्या खऱ्या.

माधवी : हसा की मग. तुमी आल्यापासून वालाकडंच बघताय.

अंजनी : तुझी भाकर पातळ असायची. पाळकसाहेब मोडायचे तेव्हा पांढऱ्या कापडावर कण पडायचा नाही. सगळी मंडळी म्हणायची, माधवीच्या हाताला काहीतरी आहे.

माधवी : जुनी गोस्ट झाली ती. माझ्या हातातून गेली ती तुमच्या हातात गेली, बरंच झालं. दुसऱ्या कोनाकडं गेली असती तर मना जास्त लागलं असतं.

अंजनी : असं बोलू नकोस.

माधवी : क्याला नको? मंडळीनं शिक्षा दिली, सहा महिने मी पाठच्या बाकावर बसले. प्रभुभोजनाचं ताट फिरत यायचं आनि माझ्यासमोरून पुढं जायचं. बाया वाटेत दिसल्या तर चपलेचा अंगठा नीट करायला लागायच्या. तुमी तेवढ्या घरी आलात. पेज आनलीत. ह्याच ओटीवर बसून माझ्यासाठी रडलात. मी सासूला सांगितलं, ही माझी बहीन हाय, माहेरची नसली तरी.

अंजनी : ऋतिकाला कितवा लागला?

माधवी : सातवा. ह्यांना तिचा फोन येतो, मना नाय. हे काल जेवताना म्हनाले, पहिलटकरीन हाय, बदलापुरात दोघंच राहतात, तो विनीत सकालचा गेला की रातीचा येतो. पोरीला घरी आन. मी म्हनलं, आनते. आजच्या आज ओटी घेऊन जाते. फक्त तिनं एकदा म्हनावं, आई, दोऱ्याचं मी बोल्ले. बास. तेवढं म्हनावं.

अंजनी : आणि ती?

माधवी : ती आपली एकच. मी नाय बोल्ले. चार वर्सं झाली, तोच हेका. लग्नाला मी गेले नाय. रजिस्टर केलं त्यांनी, मोबाइलवर फोटो आला, मी उघडला नाय. ताई, मना सांगा, दोरा बांधला ते कोनाला ठावं व्हतं? तिला अकरा दिवस ताप. डॉक्टर म्हनाले, प्लेटलेट उतरतायत. सासू भगताकडून दोरा घेऊन वॉर्डात आली. मी नाय म्हनायला पायजे व्हतं. नाय म्हनले मी. तिचं मनगट आवरंसं झालं व्हतं, आनि मी दुसरीकडं बघत बसले. सासूनं बांधला. ठावं व्हतं सासूला, मना आनि ऋतिकाला. सासू चर्चची पायरी चढली नाय कधी. ऋतिकानंच शुद्धीवर आल्यावर तोडून फेकला आनि मना म्हनाली, तू प्रभूची भाकर करतेस आनि हे? तवा तिला राग व्हता माझा. चर्चमधल्या उन्नतीशी तिची गट्टी. गेलं असंल तिथून.

अंजनी : चौथं कुणी होतं की.

माधवी : तुमी? तुमाला मीच सांगितलं. हॉस्पिटलच्या जिन्यात, तुमचा हात धरून. तुमी म्हनालात, ही गोष्ट आता देवापाशी ठेव. मना कवरं हलकं वाटलं.

अंजनी : माधवी, तो वाल जरा बाजूला ठेव.

माधवी : ठेवते. काय झालं?

अंजनी : ऋतिकानं सांगितलं नाही.

माधवी : तुमाला काय ठावं?

अंजनी : मी सांगितलं.

माधवी : कोनाला?

अंजनी : गुरुवार होता. गयाबाईंच्या घरी, शिवमंदिराकडे, बायकांची प्रार्थना. तू हॉस्पिटलात होतीस. गयाबाई म्हणाल्या, माधवीच्या लेकीसाठी कोण मागतं? मी म्हटलं, मी मागते. नाव नाही घेतलं. म्हटलं, प्रभू, आमची एक बहीण आहे, तिची लेक तापात आहे, आणि त्या बहिणीनं विश्वास सोडून भगताचा दोरा बांधू दिला, तिला क्षमा कर. चौदा बायका बसल्या होत्या. लेक तापात असलेली मंडळीत एकच. सगळ्या म्हणाल्या, आमेन.

माधवी : चौदा.

अंजनी : आणि आपला नियम आहे ना, प्रार्थनेत निघालेलं बाहेर न्यायचं नाही, कुणी काय मागितलं ते सांगायचं नाही. पाळकसाहेबांपर्यंत गोष्ट गेली, पण कुणाच्या तोंडून निघाली ते कुणी तुला सांगितलं नाही. त्यांनीही तुला बोलावून एवढंच म्हटलं, मंडळीत कळलंय. तो नियम माझ्या पथ्यावर पडला. मी त्याच्या आड राहिले.

माधवी : मी तिला मारलं, ताई.

अंजनी : मला माहीत आहे.

माधवी : नाय, तुमाला नाय माहीत. हॉस्पिटलातून येऊन पंधरा दिवस झाले व्हते. अंगात जीव नव्हता तिच्या. ती भिंतीला टेकून म्हनत व्हती, आई, मी नाय. मी म्हनलं, शपथ घे. माझ्या गल्याला हात लावून शपथ घे. ती म्हनाली, आपल्यात शपथ घेत नाय, तूच शिकवलंस, होय तर होय, नाय तर नाय. मी म्हनलं, खरी असतीस तर घेतली असतीस. आनि मारलं. शास्त्र पालत व्हती ती, आनि म्हनून मी तिला खोटी ठरवली.

अंजनी : मला काहीतरी बोल. शिव्या दे.

माधवी : शिव्या देऊन काय व्हतंय. तुमी दर साली येता. वाल सोलता माझ्याबरोबर. मी पोरीचं बोलते, तुमी मान हलवता. मागच्या नातालला तुमी मना म्हनालात, माधवी, लेकीला क्षमा कर.

अंजनी : म्हणाले.

माधवी : कसल्या गुन्ह्याची?

अंजनी : माझ्याच.

माधवी : मग आजच क्याला आलात? चार वर्सं बंद व्हतं ना तोंड.

अंजनी : काल कागद घेऊन बसले. वर लिहिलं, शुद्ध अंतःकरण. मला वाटलं होतं, काही सुचणार नाही. पण सुचायला लागलं, माधवी. भराभरा. बालवाडीत पंचवीस वर्षं गोष्टी सांगितल्या मी, शब्द काय कमी आहेत? मनाचा आरसा, मनाची विहीर, विहिरीतला गाळ. दोन पानं झाली. वाचून मलाच डोळ्यांत पाणी आलं. आणि मग भीती वाटली. म्हटलं, हिला काहीही बोलता येतं. ही बाई उद्या उभी राहील, बायका रडतील, आणि ही त्यांच्याकडे बघत असेल, कोण कोण रडतंय ते.

माधवी : पानी पिता का?

अंजनी : नको.

माधवी : प्या. ओठ सुकलेत तुमचे. मना राग येतोय आनि तुमच्यासाठी पानीबी आनावंसं वाटतंय, ही कसली खोड लागली मना. तुमी प्रेमानं केलं असंल. तिथं डोले मिटले की भरून येतं. मागता मागता जीभ घसरते. माझीबी घसरलीय.

अंजनी : हं.

माधवी : घसरली ना?

अंजनी : तू फार चांगली आहेस, माधवी.

माधवी : चांगली असते तर पोरीचं ऐकलं असतं. उठू नका. मना सांगितलंत, आता तिला सांगा.

अंजनी : सांगते. उद्याचा रविवार होऊ दे. सोमवारी मी बदलापूरला जाईन, समोर बसून सांगेन. असल्या गोष्टी फोनवर बऱ्या नाहीत, तिचे दिवस भरत आलेत.

माधवी : सातवा हाय, नववा नाय. आनि तुमी सोमवारी जानार नाय. मंगलवारी म्हनाल, गुडघा दुखतोय.

(माधवी फोन लावते. स्पीकर सुरू करून तो वालाच्या परातीशेजारी ठेवते.)

ऋतिका : हॅलो? आई? तू लावलास? पप्पा ठीक आहेत ना?

माधवी : ठीक हायत. कामावर गेलेत. तू जेवलीस?

ऋतिका : चार वाजता? हो, जेवले. काय झालं, बोल ना. घाबरवू नकोस.

माधवी : अंजनीमावशी बोलतायत तुझ्याशी.

ऋतिका : अच्छा. मावशी, प्लीज, आईनं सांगितलं म्हणून मला समजवू नका. विनीत पण तेच म्हणतो, बोलून टाक ना एकदा, क्या फर्क पडता है. मला पण वाटतं कधी कधी. माहेरी जायला मिळेल, आईच्या हातचं खायला मिळेल, एक वाक्य तर आहे. पण नाही जमत. नाही केलं ते कसं बोलू?

अंजनी : तू बोलू नकोस, बाळ. मीच बोलले होते ते. दोऱ्याचं. तू हॉस्पिटलात होतीस तेव्हा, गयाबाईंच्या घरी, प्रार्थनेत, सगळ्या बायकांच्या समोर. तुझ्या आईनं मला विश्वासानं सांगितलं होतं. तिला आत्तापर्यंत माहीत नव्हतं.

माधवी : ऋतिका?

ऋतिका : आहे. बसले जरा.

माधवी : पानी घे बाजूला.

ऋतिका : आई, तू ऐकलंस ना?

माधवी : ऐकलं.

ऋतिका : मग बोल ना काहीतरी.

माधवी : मी तुझ्याकडं शपथ मागितली. मागायला नको व्हती. तुझं नाय हे नायच व्हतं.

ऋतिका : रडू नको. मग मी पण रडेन आणि इकडे हे पोट गच्च होतं. सोड. नंतर बोलू, नीट बोलू. विनीतला सांगते, उद्या तिकडे घेऊन चल मला. मावशी?

अंजनी : आहे मी.

ऋतिका : मी उन्नतीशी चार वर्षं बोलले नाही. मला वाटलं, तिनंच कुठूनतरी ऐकलं आणि पसरवलं. चर्चला जाणं सोडलं मी. गाणं सोडलं. एक फोन करायचा होता तुम्ही, मावशी. बस एक फोन. पण ठीक आहे. प्रेयर करताना निघून गेलं असेल तोंडातून. होतं असं. तुमच्या मनात तसं काही नसेल.

माधवी : मीबी तेच म्हनले त्यांना. चुकून झालं.

ऋतिका : हां. चुकून झालं, मावशी. आता धरून नका बसू.

अंजनी : दोघी ऐका. मधे बोलू नका, नाहीतर मी थांबेन आणि मला थांबायला आवडेल. चुकून नाही झालं. त्या गुरुवारी घरून निघतानाच ठरलं होतं माझं. रिक्षात बसून वाक्यं जुळवली, नाव घ्यायचं नाही हेही तिथंच ठरवलं, म्हणजे कुणी मला बोल लावणार नाही. तीन पिढ्यांची ख्रिस्ती मी, आणि प्रभूच्या मेजावर भाकर काल-परवा विश्वासात आलेल्या माधवीच्या हातची. ते मला बघवत नव्हतं. डोळे मिटले होते माझे, पण कान उघडे होते. कुठली बाई दचकली, कुणाचा श्वास अडकला, सगळं ऐकत होते. शेवटी रडलेही. देवाशी मी त्या दिवशी एक शब्दसुद्धा बोलले नाही.